फर्माचा अंदाज आणि ६४१

४,२९,४९,६७,२९७. दोनचा बत्तिसावा घात, अधिक एक. ही मूळ संख्या आहे, असं सतराव्या शतकात पिएर द फर्माला वाटलं होतं. त्याला कारणही होतं. याच घडणीच्या, म्हणजे दोनचा घातांक स्वतःच दोनचा घात असलेल्या, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या आधीच्या पाचही संख्या मूळच निघाल्या.

१७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने दाखवलं, की हिला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

हा विभाजक सापडावा कसा? ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं, की हिच्या प्रत्येक विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. मग तपासायच्या मूळ संख्या अगदी मोजक्या: १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१!

मला त्याहून आवडतो तो भागाकार न करता देता येणारा पुरावा. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या मांडणीनुसार, ५ गुणिले दोनचा सातवा घात याला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १. चौथा घात घेतला की बाकी १. दुसऱ्या मांडणीनुसार पाचच्या चौथ्या घाताच्या जागी उणे १६, म्हणजे उणे दोनचा चौथा घात, ठेवता येतो. दोनचे घातांक २८ आणि ४ मिळून ३२. म्हणून दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १. त्यात एक मिळवला, बाकी शून्य. किती देखणं!

६५,५३७ च्या पुढची याच घडणीची एकही संख्या मूळ असल्याचं आजवर आढळलेलं नाही.