ऊन न येणाऱ्या घरासाठी ॲस्पिडिस्ट्रा

'आमच्याकडे ऊनच येत नाही, झाडं जगत नाहीत' म्हणणाऱ्यांनी ॲस्पिडिस्ट्रा लावून बघाच! हे मूळचं दक्षिण जपानच्या बेटांवरचं, दाट झाडीच्या सावलीत वाढणारं. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कोळशाच्या आणि गॅसदिव्यांच्या धुरानं बाकीची झाडं माना टाकायची, हे मात्र दिवाणखान्यात तग धरायचं. म्हणून त्याचं नाव पडलं 'कास्ट आयर्न प्लांट'. मध्यमवर्गीय घराची ती इतकी ठळक खूण झाली, की जॉर्ज ऑरवेलनं १९३६ च्या कादंबरीच्या नावातच तिला जागा दिली.

याचं फूल तर विलक्षणच. पानं बाजूला सारून खाली वाका. मातीला टेकलेलं, जांभळट, जाडसर फूल दिसेल. वर्षानुवर्षं झाड बाळगणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं.

थेट ऊन टाळा, पानं करपतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. साचलेल्या पाण्यानं मुळं कुजतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. मुळांना सारखं डिवचलेलं आवडत नाही, त्यामुळे कुंडी चार-पाच वर्षांनीच बदला. वाढ संथ आहे, धीर धरा. कुत्र्या-मांजरांनाही ते विषारी नाही.

ओळखीत कुणाकडे जुनी कुंडी असेल, तर दोन-तीन पानांसकट मुळाचा तुकडा मागून आणा.