प्रवासातल्या पक्षिनिरीक्षणासाठी छोटा स्पॉटिंग स्कोप

पाणथळ जागी द्विनेत्री दुर्बिणीची मजल कुठे संपते, हे चिमणीएवढ्या टिलव्यांवरून चटकन लक्षात येते. हिवाळ्यात दख्खनच्या जलाशयांवर उतरणारे छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा पुष्कळदा जवळजवळ चरत असतात. पहिल्याचे पाय काळे आणि दुसऱ्याचे पिवळसर हिरवे, हा त्यांच्यातला ढोबळ फरक असला, तरी पायांना चिखल लागला की तो भरवशाचा राहत नाही आणि पाठीच्या पिसांवरील नक्षी पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून ही नक्षी शंभर मीटरांवरून दिसत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर बसवून एका डोळ्याने पाहायची, साधारणपणे १५ ते ६० पट विवर्धनाची दुर्बीण.

पूर्ण आकाराच्या स्कोपचे वस्तुभिंग, म्हणजे पक्ष्याच्या बाजूचे पुढचे भिंग, ८० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते आणि नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचा भाग, धरून त्याचे वजन दोन किलोच्या आसपास जाते. त्याला पेलणारी तिपाई आणि तिचे डोके जोडल्यावर विमानात सोबत नेण्याच्या सात किलोंपैकी निम्म्याहून अधिक वजन एवढ्यातच संपते. म्हणून प्रवासी पक्षिनिरीक्षक ५० ते ६० मिलिमीटरच्या छोट्या स्कोपकडे वळतो. त्याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते, कारण भिंगात शिरणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि ८० मिलिमीटरचे भिंग ५० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश गोळा करते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागून मिळतो; ५० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये २५ पट विवर्धनाला तो २ मिलिमीटर, तर ४० पटीला अवघा सव्वा मिलिमीटर भरतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटरच उघडी असल्याने २५ पटीला चित्र पुरेसे उजळ वाटते. ४० पटीला मात्र ते काळवंडते आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला तर अधिकच.

कागदावरच्या या हिशेबात हवेचा विचार बहुधा राहून जातो. ऊन चढू लागले की जमीन तापते, तिच्यालगत कमी-अधिक घनतेच्या हवेचे थर तयार होतात, त्यांतून येणारे किरण क्षणाक्षणाला निरनिराळे वळतात आणि दूरचे दृश्य थरथरू लागते. विवर्धन वाढवले की पक्ष्याबरोबर ही थरथरही तितकीच मोठी होते. पठारावरच्या मोकळ्या जलाशयावर सकाळ सरता सरता तीस पटीच्या पुढे नेत्रिका फिरवून पक्षी मोठा दिसतो, पण त्याच्याविषयी नवे काही कळत नाही. थंड आणि ढगाळ प्रदेशात मोठ्या भिंगामुळे साठ पट विवर्धनाचा जो लाभ घेता येतो, तो आपल्याकडे दिवसाचे थोडेच तास मिळतो. त्यामुळे उजेड फुटतानाची वेळ सोडली, तर भारतात हिंडणाऱ्याचे छोट्या स्कोपमुळे होणारे नुकसान आकड्यांवरून वाटते त्याहून पुष्कळच कमी असते.

काचेच्या दर्जाबाबत मात्र तडजोड करू नये. साध्या भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण नेमक्या एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत; या दोषाला वर्णविपथन म्हणतात आणि पाण्याच्या चकाकीसमोर उभ्या असलेल्या शेकाट्याच्या काळ्या पंखाला जांभळी किंवा हिरवी कड दिसू लागली की तो उघड होतो. ईडी नावाने ओळखली जाणारी कमी अपस्करणाची काच, म्हणजे रंगांची फाकाफाक कमी करणारी काच, किंवा फ्लोराइटचे स्फटिक वापरून तो आटोक्यात आणला जातो. निकॉनच्या ईडी ५० या स्कोपचे वजन नेत्रिकेवाचून अर्ध्या किलोहून कमी असूनही त्यात अशी काच आहे. कोवाच्या ५५ मिलिमीटरच्या, १५ ते ४५ पटींच्या स्कोपमध्ये फ्लोराइट असून त्याचे वजन सुमारे ८०० ग्रॅम आहे. स्वारोव्स्कीचा १७ ते ४० पटींचा, ५६ मिलिमीटरचा स्कोप किलोच्या किंचित खाली आहे आणि त्याची किंमत कित्येकांच्या प्रवासखर्चाहून जास्त आहे. कोवाचाच ५० मिलिमीटरचा साधा स्कोप सुमारे ४०० ग्रॅमचा आहे आणि वजनाच्या दृष्टीने तो कोणालाही मोह पाडेल, परंतु त्यात ईडी काच नाही, हे विकत घेताना ध्यानात ठेवावे.

स्कोपवर वजन वाचवले तसे ते तिपाईवरही वाचवण्याचा हव्यास महागात पडतो. वाऱ्यात हलणाऱ्या तिपाईवर उत्तम भिंगही वाया जाते. मधला दांडा वर न काढणे, पाय बुटके ठेवून बसून पाहणे आणि दांड्याच्या आकड्याला पाठीवरची पिशवी लटकवणे हे उपाय साधे असले तरी गुणकारी आहेत. नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणच्या निरीक्षण मनोऱ्यावर मात्र शेजारून कोणी चालले तरी फळ्या हलतात आणि पक्षी नेत्रिकेत नाचू लागतो. तिथे मनोऱ्यावरून उतरून काठ गाठणे श्रेयस्कर.

नेत्रिका ४५ अंशांत कललेली असावी की सरळ, हे पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. कललेल्या नेत्रिकेत लहान-मोठ्या उंचीच्या मंडळींना एकाच बुटक्या तिपाईवरून आळीपाळीने पाहता येते, तर सरळ नेत्रिका गाडीच्या खिडकीतून पाहताना आणि उडत्या पक्ष्यावर रोख धरताना सोयीची पडते. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रिकेपासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसते ते पाहावे. हे अंतर १५ मिलिमीटरहून कमी असेल, तर दृश्याच्या कडा कापल्या जातात. दुकानात समोरच्या भिंतीकडे पाहून काही कळत नाही. बाहेर येऊन विजेच्या तारेवर बसलेला एखादा कावळा आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहावा, नेत्रिका सर्वांत मोठ्या विवर्धनावर न्यावी आणि स्पष्टतेचे चाक फिरवताना चित्र एका जागी चटकन टोकदार होते की तिथल्या तिथे घुटमळत राहते, ते तपासावे. भिगवणला रोहित किंवा पट्टकादंब पाहायला नावेतूनच जायचे असेल, तर स्कोप किनाऱ्यावर गाडीत ठेवावा, कारण पाण्यावर डुलणाऱ्या नावेत तिपाईचा उपयोग होत नाही आणि आठ पटींची द्विनेत्री दुर्बीणच तिथे कामाची ठरते.