खोट्या बँडची खरी मैफल

गिटारिस्ट नायजेल आपला अ‍ॅम्प्लिफायर दाखवतोय. सगळ्या जगाच्या अ‍ॅम्पवर आकडे १० पर्यंत, याच्या अ‍ॅम्पवर मात्र प्रत्येक बटण ११ पर्यंत! समोर बसलेला दिग्दर्शक अगदी साधी शंका काढतो, की बाबा रे, १० लाच आवाज आणखी मोठा केला तर? नायजेल थबकतो. विचार करतो. चेहरा कोरा करकरीत. आणि मग शांतपणे पुन्हा तेच सांगतो, की हा ११ पर्यंत जातो.

तुमच्या ऑफिसात असा एक नायजेल नक्की असणार. बहुतेक मार्केटिंगला.

हा सीन 'धिस इज स्पायनल टॅप' या १९८४ च्या सिनेमातला. स्पायनल टॅप नावाचा एक इंग्लिश हेवी मेटल बँड, त्याची अमेरिकेतली घसरत चाललेली टूर आणि त्यावरची डॉक्युमेंटरी असा सगळा थाट. प्रत्यक्षात बँड खोटा, डॉक्युमेंटरीही खोटी. नायजेल टफनेल म्हणजे ख्रिस्तोफर गेस्ट, गायक डेव्हिड सेंट हबिन्स म्हणजे मायकल मॅकीन आणि बेसवाला डेरेक स्मॉल्स म्हणजे हॅरी शिअरर. तिघेही विनोदी नट. दिग्दर्शक रॉब रायनर, आणि सिनेमातला तो शंकेखोर दिग्दर्शकही तोच. संवाद जवळजवळ सगळे कॅमेऱ्यासमोर ऐन वेळी सुचलेले. सिनेमा लागला तेव्हा तो पाहून काही लोक रायनरला विचारायचे, अहो, कुणाला माहीतही नसलेल्या बँडवर तुम्ही डॉक्युमेंटरी कशाला काढली?

ह्या सिनेमाबद्दल भरपूर लिहून झालंय. २००२ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीतसुद्धा गेला. मला बोलायचंय ते त्याच्या धाकट्या भावाबद्दल. 'द रिटर्न ऑफ स्पायनल टॅप'. १९९२ ची, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली कॉन्सर्ट फिल्म. मधेमधे मुलाखती आणि स्टेजमागची गंमत आहे, पण कणा आहे तो मैफलीचा. आणि इथेच खरी मजा आहे राव!

म्हणजे बघा, सिनेमात फसवाफसवी चालते. गाणं अर्धं दाखवायचं, कट मारायचा, पुढचा जोक. कॉन्सर्टमध्ये कट मारून पळता येत नाही. १८७१ पासून उभा असलेला तो भला थोरला गोल हॉल, समोर तिकीट काढून आलेली हजारो माणसं. त्यांना बँड खोटा आहे हे पक्कं ठाऊक, तरी त्यांना गाणी हवीत, आणि तीही दणदणीत. अशा वेळी नुसता विग घालून भागत नाही. गिटार यावी लागते.

आणि यांना ती येते! तिघेही मुळात गाणारे-वाजवणारे आहेत आणि टॅपची गाणी त्यांनी रायनरच्या साथीनं स्वतःच रचली आहेत. पहिल्या सिनेमात नायजेलचा एक सोलो आहे. गिटारच्या तारांवर तो चक्क अख्खं व्हायोलिन घासतो. मग मधेच थांबतो आणि व्हायोलिन सुरात लावून घेतो. गिटारला काय, व्हायोलिनला! वाजवता न येणाऱ्याला हा विनोद सुचणारच नाही. सोलो नेमका कुठे कंटाळवाणा व्हायला लागतो, ते वादकालाच कळतं.

आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुलें' मध्ये (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ टर उडवली. ती विडंबनं टिकली, कारण अत्र्यांना वृत्त आणि यमक त्या कवींइतकंच वश होतं. टॅपचंही तसंच. शब्द महामूर्ख, चाल मात्र डोक्यातून जाता जात नाही.

अठरा इंचांची गोष्ट

टॅपचा सगळ्यात गाजलेला घोटाळा म्हणजे स्टोनहेंज. पहिल्या सिनेमात नायजेल कागदी रुमालावर सेटचं चित्र काढतो आणि मापात फुटांच्या जागी इंचांची खूण करतो. कारागीर बिचारा बरहुकूम करून देतो. ऐन शोमध्ये धुराच्या लोटात, गूढ संगीतावर, वरून खाली उतरतो तो १८ फुटांऐवजी १८ इंचांचा स्टोनहेंज! अल्बर्ट हॉलच्या वेळी त्याची भरपाई करायची ठरते. होतं काय, तर नवा स्टोनहेंज इतका अवाढव्य निघतो की हॉलच्या दारातून आत येत नाही.

आता गंमत ऐका. ब्लॅक सॅबाथ या अगदी खऱ्याखुऱ्या बँडनं १९८३ मध्ये टूरसाठी स्टोनहेंजचा सेट बनवून घेतला होता. तिथेही मापाचा गोंधळ झाला आणि सेट एवढा मोठा झाला की बऱ्याच थिएटरांत तो मावेचना. खऱ्यांनी खोट्यांची नक्कल केली की खोट्यांनी खऱ्यांची, हा हिशेब कधी लागतच नाही. पहिल्या सिनेमात टॅपच्या अल्बमचं कव्हर वादामुळे शेवटी नुसतं काळंकुट्ट निघतं. १९९१ मध्ये मेटॅलिकाचा अल्बम आला, तो जवळजवळ तसाच काळा. मेटॅलिकावरच्या डॉक्युमेंटरीत टॅपची मंडळी येऊन त्यांना याबद्दल टोमणेही मारून गेली.

१९९२ हे वर्ष एकूणच त्यांचं होतं. 'ब्रेक लाइक द विंड' हा त्यांचा अल्बम आला. त्यात जेफ बेक, स्लॅश, जो सॅट्रियानी असे भलेभले वाजवून गेले, शेर गायली. एप्रिलमध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मृतीसाठी झालेल्या मैफलीत जगातल्या बड्या बँड्सच्या रांगेत टॅपनंही एक गाणं वाजवलं. पुढे २००७ च्या लाइव्ह अर्थमध्ये तर मेटॅलिकाच्या मंडळींसह डझनावारी लोक बेस गिटारी गळ्यात अडकवून टॅपच्या मागे उभे राहिले. सगळेच बेस. कान बधिर!

ड्रमर मात्र टिकत नाहीत. एक बागकामातल्या विचित्र अपघातात गेला, एक स्टेजवर आपोआप पेट घेऊन. या मेलेल्या मिक श्रिम्प्टनच्या जागी १९९२ मध्ये कोण आलं? त्याचा जुळा भाऊ रिक. अर्थात दोघेही एकच, आर. जे. पार्नेल हा खराखुरा ड्रमर.

आणखी एक किस्सा, माझा सगळ्यात लाडका. टॅपच्या काही कार्यक्रमांत आधी 'द फोक्समेन' नावाचं एक सोज्ज्वळ लोकगीत-त्रिकूट गायचं. हे तीन सभ्य गृहस्थ म्हणजे विग उतरवलेले तेच तिघे! न ओळखणाऱ्या काही पब्लिकनं त्यांची हुर्यो उडवली. आपल्याच शोमध्ये, आपल्याच चाहत्यांकडून. स्वतःची याहून चांगली टिंगल कुठल्या लेखकानं लिहून दिली असती?

८१ डॉलर

इथवर सगळं हसण्यावारी. पण एक आकडा असा आहे की तो वाचून माझं हसू थांबलं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये हॅरी शिअररनं कॅलिफोर्नियाच्या कोर्टात व्हिव्हेंडी या फ्रेंच कंपनीवर दावा ठोकला. सिनेमाचे हक्क विकत विकत तिच्या गटाकडे पोचले होते. दाव्यात म्हटलं होतं, की १९८४ ते २००६ या काळातल्या जगभरच्या टीशर्ट-बिल्ले वगैरे विक्रीतून चारही निर्मात्यांचा मिळून वाटा दाखवला गेला ८१ डॉलर. गाण्यांच्या विक्रीचा, १९८९ ते २००६ साठी, ९८ डॉलर.

चौघांत! बावीस वर्षांचे! कंपनीनं हे आरोप मान्य केले नाहीत. पुढच्या वर्षी गेस्ट, मॅकीन आणि रायनरही दाव्यात उतरले आणि मागणी १२.५ कोटींवरून ४० कोटी डॉलरवर गेली.

भांडण पैशांचं होतंच, पण मूळ दुखणं वेगळं होतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलावंताला ३५ वर्षांनी आपले विकलेले हक्क परत मागता येतात. पण काम 'नोकरीचा भाग म्हणून' केलं असेल, तर नाही. म्हणजे प्रश्न असा, की नायजेल, डेव्हिड आणि डेरेक ही माणसं कुणाची? ज्यांनी ती १९७९ मध्ये, सिनेमाच्या पाच वर्षं आधी, एका टीव्ही कार्यक्रमासाठी उभी केली त्यांची, की ज्यांनी १९८४ च्या सिनेमाला पैसे पुरवले त्यांची?

रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याच कुणाच्या नावानं क्लायंटसमोर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे फोड करून सांगायला नको. मी फ्रीलान्सर. एका मासिकानं माझा लेख तीनदा छापून मानधन एकदाच दिलं, तेव्हा मी गप्प बसले होते. कारण पुढचं काम हवं होतं. शिअरर तेव्हा सत्तरी ओलांडलेला, नाव कमावलेला माणूस. सुखानं घरी बसू शकला असता.

२०१९ मध्ये संगीताचा वाद मिटला, २०२० मध्ये सिनेमाचा, दोन्ही समझोत्यानं. आणि मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'स्पायनल टॅप टू: द एंड कंटिन्यूज' आला. म्हातारे झालेले तिघे, पुन्हा एक शेवटची मैफल, पॉल मकार्टनी आणि एल्टन जॉन पाहुणे. त्याच डिसेंबरमध्ये रॉब रायनर गेला. 

वीकएण्डला बघायचाच बेत असेल तर क्रम चुकवू नका. आधी १९८४ चा, लगेच १९९२ ची मैफल. ग्रुपमध्ये एखादा तरी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवलेला पाहिजे. तो इतरांच्या दोन सेकंद आधी हसतो, आणि मधेच एकदम गप्प होतो. बहुतेक व्हायोलिनच्या सीनला.