मोटार कां गुरगुरते?

गेल्या एप्रिल महिन्यांत वर्गांतील एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, मोटारींतील थंड हवेचें यंत्र सुरू केलें कीं इंजिनाचा आवाज वाढतो. इंजिन बिघडेल या भयानें बाबा तें यंत्र बंद करितात आणि मागें बसलेली आजी उकाड्यानें कासावीस होते. बाबांचें भय खरें आहे काय?" प्रश्न एका घरचा असला, तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल असें वाटून तें येथें देत आहों.

हवा थंड करणें म्हणजे तिच्यांतील उष्णता उचलून बाहेर टाकणें होय. पाणी जसें आपोआप चढण चढत नाहीं, तशी उष्णताही गार जागेकडून तप्त जागेकडे आपोआप जात नाहीं. तिला ओढून न्यावें लागतें. हें काम कॉम्प्रेसर नांवाचा पंप करितो. तो एका विशेष वायूस दाबून तापवितो. हा वायु मोटारीच्या पुढील जाळींत आपली उष्णता टाकून द्रवरूप होतो, आणि मग आंतील नळ्यांत त्याचें पुन्हां बाष्प होतांना आंतील हवेची उष्णता शोषून घेतो.

पेट्रोलच्या वा डिझेलच्या बहुतेक मोटारींत हा पंप पट्ट्यानें इंजिनाशींच जोडलेला असतो. कळ दाबल्यावर जो 'टक्' असा आवाज येतो, तो विजेच्या चुंबकानें पंपाचा क्लच जोडला गेल्याचा. त्या क्षणापासून इंजिनावर कांहीं अश्वशक्तींचा बोजा पडतो. रस्त्यानें वेगानें जातांना तो फारसा जाणवत नाहीं. परंतु मोटार उभी असतां इंजिन मिनिटास सुमारें 700 ते 900 फेरे घेत जेमतेम स्वतःपुरतें चालत असतें. रिकामा पोहरा सहज ओढणाऱ्यास भरलेला पोहरा ओढतांना जोर लावावा लागतो, तसेंच हें. इंजिन मंदावून बंद पडूं नये म्हणून नियंत्रक त्यास अधिक हवा व इंधन देतो व बहुधा फेरेही वाढवितो. शिवाय पुढील जाळी निवविणारा पंखा सुरू होतो. या सर्वांचा मिळून तो आवाज. लहान इंजिनाच्या मोटारींत तो अधिक जाणवतो. विजेच्या मोटारींत इंजिनच नसल्यामुळें तो बोजा बॅटरीवर पडतो.

अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें 1939 सालीं आपल्या मोटारींत असें यंत्र दिलें, तेव्हां त्यास क्लच नव्हता. पंप थांबवावयाचा तर इंजिन बंद करून पट्टाच काढावा लागे!

तेव्हां आजीबाईंस गार हवा खुशाल मिळूं द्यावी. मात्र पट्ट्याची कर्कश किंचाळी, खडखड, किंवा इंजिनाचा उष्णतामापक वर चढणें हीं बिघाडाचीं चिन्हें होत. अशा वेळीं मिस्त्रीस गांठावें.

पालकांस आणखी एक विनंती. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवून गार हवेंत कोणी झोपूं नये. इंजिन चालू आहे तोंवर धूरही आहे, आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं; तो झोपेंतच प्राण घेतो. गारवा फुकट मिळत नसतो. त्यासाठीं इंजिन राबत आहे, हेंच ती गुरगुर आपणांस सांगत असते.