घोळ मिक्सरमध्ये घालण्याआधी

मुरुम भागात पाऊस झाला की खुरपणीत घोळ निघतेच. मूगडाळ घालून तिची भाजी करतो, उरलेली बांधावर टाकतो. आमच्या गटात आता ती केळ्यासोबत मिक्सरमध्येही जाते. दोघींसाठी 2 पिकलेली केळी, वाटीभर दही, मूठभर कोवळे शेंडे, थोडा गूळ. घोळ मुळात आंबट, लिंबू लागत नाही. कच्ची असल्यानं क जीवनसत्त्व टिकतं. जवसात असतं तसं ओमेगा-3 हिच्या पानांतही आहे.

पण खुडता कुठून? सोयाबीनला तणनाशक मारलेल्या रानातली घोळ हिरवीगार दिसली तरी घेऊ नका. पानात शिरलेलं औषध धुऊन जात नाही. परसातली, न फवारलेल्या वाफ्यातलीच घ्या. घोळीसारखंच भुईवर पसरणारं एक दुधाळ तणही असतं, म्हणून देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या.

मुतखडा असलेल्यांनी हे पिऊ नये, घोळीत ऑक्झलेट फार. बाकीच्यांनीही दही वगळू नये. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं. रंग मात्र शेवाळासारखा होतो, मुलं नाक मुरडतात. त्यांच्यासाठी केळं जास्त, घोळ कमी घाला.