कव्वालीची टाळी आणि हेडफोनचा हिशेब

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या थोरल्याने दोन वर्षांची साठवलेली ईदी टेबलावर मांडली. "अब्बू, मला चांगला हेडफोन घ्यायचाय. सोबत ॲम्प्लिफायरही." त्यात आमची भर घालून वीस हजारांची मर्यादा ठरली. शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नसते. म्हणून खरेदीआधी आम्ही बापलेकांनी मिळून थोडा अभ्यास केला. तो इतर घरांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

हेडफोनची गरज खरी होती. नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत थोरल्याची गाणी, धाकटीचा अभ्यास आणि आमच्या अब्बांचा टीव्ही एकत्र नांदत नाहीत. अब्बांनी उमेद ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात घालवली. आता त्यांना टीव्ही मोठा लागतो. "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत," ही त्यांची नेहमीची तक्रार.

नातवाला आणि आजोबांना आवडते एकाच जातीचे संगीत, जोशाचे. अब्बांना 'अल हिलाल' (१९५८) मधली इस्माईल आझाद यांची कव्वाली आणि 'बरसात की रात' (१९६०) मधल्या रोशन यांच्या कव्वाल्या प्रिय. थोरला नुसरत फतेह अली खान आणि मायकल ब्रूक यांच्या १९९० च्या 'मस्त मस्त' अल्बमवर खूश. अशा संगीतात ढोलकीची थाप आणि टाळी झटकन उमटून झटकन थांबली पाहिजे. थाप पसरट वाजली तर लय बोथट होते. टाळी फार टोकदार वाजली तर अर्ध्या तासात कान शिणतात.

पहिला प्रश्न : बंद पाठीचा हेडफोन की उघड्या पाठीचा? सेनहायझरच्या एचडी ५६०एससारख्या उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज मोकळा येतो, पण तो बाहेरही तितकाच ऐकू जातो आणि पंख्याची घरघर आत येते. शेजारी बहीण अभ्यासाला बसली असेल तर तो निरुपयोगी. शिवाय ठेक्याचा खालचा, भरीव आवाज बंद पाठीत सहसा अधिक जाणवतो. मात्र गादी कानाभोवती नीट बसली पाहिजे. चष्म्याच्या दांडीने फट राहिली तरी तो भरीवपणा निसटतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासहच ऐकून पाहावे.

दुसरा प्रश्न : ॲम्प्लिफायर हवाच का? खोक्यावरचे दोन आकडे पाहावेत. 'ओहम' म्हणजे विजेला होणारा अडथळा, आणि 'डेसिबल' म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज निघतो ते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे आणि एक मिलिवॅटवर ९९ डेसिबल आवाज देतो. दहापट वीज कमी केली की १० डेसिबल घटतात. म्हणजे ७९ डेसिबलच्या बेताच्या आवाजाला एक मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. मोबाइलला लावायचा छोटा यूएसबी डॅक साधारण एक व्होल्ट देत असेल, तर या हेडफोनला सुमारे २६ मिलिवॅट मिळतात. गरजेच्या कितीतरी पट.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो मात्र ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. त्याच एका व्होल्टवर २५० ओहमला केवळ ४ मिलिवॅट मिळतात. तिथे वेगळा ॲम्प्लिफायर कामी येतो, विशेषतः हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या गाण्यांना. ॲम्प्लिफायर घ्यायचाच झाला, तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावा. ३८ ओहमला पाचच्या आत ठीक. नाहीतर काही हेडफोनमध्ये ठेका सैल पडतो.

एका रविवारी आम्ही नेरुळहून कुर्ला, तिथून दादर आणि मग ग्रँट रोड असे करत लॅमिंग्टन रोड गाठला. एका दुकानदाराने दोन यंत्रे आलटून पालटून ऐकवली आणि महागडा ॲम्प्लिफायर जिंकला. थोरल्याच्या लक्षात आले की त्याचा आवाजच अधिक मोठा ठेवला होता. कानाला मोठे तेच चांगले वाटते. दोन्ही सारख्या आवाजावर लावायला सांगितल्यावर फरक जवळजवळ उरला नाही. वाचकहो, हे लक्षात ठेवा. आपले रोजचे गाणे न्या, दहा मिनिटे डोक्यावर ठेवून ऐका, पक्के बिल आणि वॉरंटी घ्या, बदली गाद्या मिळतात का ते विचारा. अगदी स्वस्त मिळाले तर नकली मालाची शंका घ्या.

आम्ही बंद पाठीचा, कमी ओहमचा हेडफोन आणि छोटा डॅक घेतला. ॲम्प्लिफायर घेतला नाही. ते पैसे कुठे लावायचे, हे थोरल्यानेच सुचवले : "दादांचे कान तपासून घेऊ."

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे अब्बांची ऑडिओमेट्री झाली. कागदावरची रेषा डावीकडे बरी होती, उजवीकडे घसरत गेली होती. डॉक्टरांनी समजावले की गोंगाटाने आधी उंच स्वर जातात. 'स', 'श', 'फ' असे वर्ण ओळखायला तेच स्वर लागतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. गेलेले परत येत नाही. अब्बांना श्रवणयंत्र लागेल, हेडफोन त्याची जागा घेऊ शकत नाही.

थोरला तो कागद बराच वेळ पाहत होता. मग आम्ही त्याला जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब दाखवला. मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, मुलांना ७५ डेसिबल ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला मोठ्यांसाठीही आठवड्याला चारच तास उरतात. हार्बरच्या गाडीत खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, तेव्हा हे तास भराभर संपतात.

त्या रात्री ईशानंतर त्याने मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा स्वतःच लावली. अब्बांना श्रवणयंत्र आता मिळाले आहे. सवय व्हायला वेळ लागतोय, पण परवा 'बरसात की रात' लागला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करा, असे तेच म्हणाले.