खारपाणपट्ट्यात मायक्रोवेव्ह सेन्सर : काय कळतं, काय नाही

पाण्यात काय मिसळलंय हे मायक्रोवेव्ह लहरींनी ताडणाऱ्या सेन्सरवर जगभर काम चालू आहे. बुलढाण्याच्या घाटाखाली, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात त्याची गरज आहेच. म्हणूनच त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हे कळलं पाहिजे.

गैरसमज : या लहरींनी पाणी तापतं आणि त्यात किरण उरतात.
वस्तुस्थिती : स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह शेकडो वॅट वापरतो, सेन्सरला मिलिवॅटच्या आसपासची शक्ती पुरते. पाणी जाणवेल इतकं तापत नाही, त्यात काही उरतही नाही.

गैरसमज : यंत्र प्रदूषकाचं नाव सांगतं.
वस्तुस्थिती : इथेच खरी गोम आहे. सर्किट बोर्डावर तांब्याची छोटी कडी असते, एका जागी चीर ठेवलेली. त्या चिरेपाशी पाण्याची बारीक नळी बसवतात. कडी एका ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देते आणि आलेखावर टोकदार खळगा दिसतो. परावैद्युतांक म्हणजे विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप; हवेचा 1, पाण्याचा 20 अंशांना सुमारे 80. त्यामुळे नळीत पाणी भरताच खळगा खालच्या वारंवारतेकडे सरकतो. पाण्यात क्षार वाढले की तो उथळ आणि पसरट होतो. पण हे क्षार साध्या मिठाचे की नायट्रेटचे, हे नुसत्या कडीला सांगता येत नाही. त्यासाठी विशिष्ट पदार्थच धरणारा लेप द्यावा लागतो. मुळातच खारट पाण्यात तर थोडासा फरक टिपणं आणखी अवघड.

गैरसमज : आकडा बदलला, म्हणजे पाणी दूषित झालं.
वस्तुस्थिती : 40 अंशांना पाण्याचा परावैद्युतांक 73 वर येतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर यंत्र रोज दुपारी खोटी हाकाटी करेल. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही अनेकांना प्रदूषणाचीच शंका आली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे खारप्रेमी सूक्ष्मजीव निघाले.

गैरसमज : नितळ, गोड पाणी सुरक्षित, नाहीतर उकळून घ्यावं.
वस्तुस्थिती : नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तरी रंग, वास, चव बदलत नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं.

पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर असा सेन्सर चोवीस तास राखण करू शकेल. निदान मात्र प्रयोगशाळेचंच. तुमच्या हातपंपाच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि अहवाल मागून घ्या.